फाल्गुनातला गारठा आणि वेधशाळेचा शब्द

‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हुमनाबादकडे आमचे कन्नडभाषी शेजारी त्याहूनही आधीची मुदत देतात. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे ते म्हणतात. मराठी घरांतूनही हे बोलणे तितकेच रूढ आहे. दोन भाषा, दोन सण, परंतु अनुभव एकच. माघ सरला की या पठारावर ऊन तापू लागते, पळस फुलतो आणि गोधड्या घडी करून पेटीत जातात.

तथापि ऋतू म्हणीला बांधलेला नसतो. मागे एका फाल्गुनात आम्ही हुमनाबादला एका स्नेह्याच्या घरी उतरलो होतो. उपवासकाळाचे दिवस होते. पहाटे मिस्सेला निघालो तो अंगावर काटा उभा राहिला. गल्लीत पोरे पाचोळा पेटवून शेकत बसली होती. घरातल्या आजीबाईंनी पेटीत गेलेली गोधडी पुन्हा बाहेर काढली होती. आदल्या संध्याकाळी घरातल्या मुलाने आपल्या फोनवर पाहून सांगितले होते की, रात्रीचे तापमान १८ अंशांखाली जाणार नाही. शेजारच्या मुलाच्या फोनवर त्याच रात्रीसाठी १५ हा आकडा होता. अंगणातल्या जुन्या तापमापकाचा पारा मात्र १२ च्या आसपास रेंगाळत होता.

घरचे वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सारी गल्ली तात्या म्हणते, खांद्यावरचे कांबळे आवळीत म्हणाले, “साहेब, एक यंत्र अठरा म्हणते, दुसरे पंधरा म्हणते आणि माझे हाडे बारा म्हणतात. आता तुम्हीच सांगा, विश्वास ठेवावा तरी कुणावर?”

तात्यांचा प्रश्न थट्टेचा नव्हता. त्यांचा हरभरा काढून रानात पडला होता. ज्वारीची कणसे खळ्यावर आली होती. गारठ्यामागून ढग येतात आणि ढगांमागून गारा, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. वर्षाचे धान्य आणि धाकट्या मुलीच्या लग्नाचा खर्च त्या खळ्यावर होता. अशा माणसाला ‘हवामानाचा अंदाज हा केवळ अंदाज असतो’ असे सांगून वाटेस लावणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलवर विचार करावा, असे आम्ही ठरविले.

प्रथम थंडीचाच विचार करू. हुमनाबाद बीदर जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंचीच्या पठारावर वसले आहे. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आभाळ बहुधा निरभ्र. अशा ठिकाणी जमीन दिवसा लवकर तापते आणि रात्री तितक्याच लवकर निवते. ढग हे पृथ्वीवरचे पांघरूण होय. ते दूर झाले की दिवसभर साठलेली ऊब आभाळात निघून जाते. त्यात उत्तरेकडून कोरडा वारा सुटला की मार्चमधली पहाटही पौषासारखी भासते. बीदर येथे डिसेंबर महिन्याचे सरासरी किमान तापमान १६.४ अंश सेल्सिअस असल्याचे जिल्ह्याची माहिती सांगते. परंतु त्याच बीदरला ५ जानेवारी १९०१ रोजी २.९ अंश इतका पारा उतरल्याची नोंद आहे. सरासरी आणि प्रत्यक्ष यांत केवढे अंतर पडू शकते, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात येते. सरासरी म्हणजे निसर्गाने दिलेले वचन नव्हे. ती मागील अनेक वर्षांची केवळ गोळाबेरीज होय.

अवेळी येणारा गारठा नेहमी एकटा येत नाही. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी भूमध्य समुद्राकडून निघालेली वादळी हवा इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाकडे सरकते. हवामानशास्त्रज्ञ तिला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. तिचा प्रभाव बहुधा उत्तर हिंदुस्थानापुरता राहतो. क्वचित वरच्या थरांतली ही थंड हवा पार दख्खनपर्यंत उतरते. त्याच वेळी बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांकडून दमट वारे आले की वरचे थंड आणि खालचे दमट यांची गाठ पडते आणि गारा कोसळतात.

२०१४ साली असेच घडले. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र, तेलंगण आणि उत्तर कर्नाटक या भागांवर गारपिटीचे संकट पुन्हा पुन्हा येत राहिले. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे, डाळिंबे मातीस मिळाली. गुरे आणि पाखरे दगावली. पुढे मार्च २०२३ च्या मध्यास बीदर जिल्ह्यात आणि लगतच्या तेलंगणात विकाराबादकडे गारांचा असा थर पडला की, काळी रानेही पांढरी दिसू लागली. दुरून पाहणाऱ्यांना ते काश्मीरचे चित्र वाटले. ज्याचे पीक त्याखाली गाडले गेले, त्याला ते कसे वाटले असेल, हे वेगळे सांगावयास नको.

आता तात्यांच्या तीन आकड्यांकडे वळू. अठरा, पंधरा आणि बारा यांपैकी खोटे कोण? आमचे म्हणणे असे की, कोणीच खोटे नसेल. तिघे तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतील.

वेधशाळेचा तापमापक उघड्यावर टांगलेला नसतो. जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत तो ठेवतात. ही पेटी स्कॉटलंडचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी योजिली. प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ते वडील. पेटीत वारा खेळतो, परंतु ऊन, पाऊस वा आभाळ यांचा थेट परिणाम पाऱ्यावर होत नाही. साऱ्या जगात मोजमाप एकाच रीतीने व्हावे म्हणून ही व्यवस्था आहे. परंतु माणूस पेटीत राहत नाही आणि पीकही राहत नाही. रानातल्या जमिनीलगत निवांत, निरभ्र रात्री पेटीतल्याहून कितीतरी अधिक थंडी असते.

याविषयीचा एक सुंदर शोध आपल्याच देशात लागला. पुण्याच्या वेधशाळेत शेतकी हवामानशास्त्राचा विभाग १९३२ साली सुरू झाला. त्याचे धुरीण डॉ. एल. ए. रामदास यांनी सहकाऱ्यासह त्याच वर्षी असे दाखविले की, निवांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवरची सर्वांत थंड हवा मातीला टेकून नसते, तर मातीच्या थोडी वर, वीतभर वा हातभर उंचीवर असते. प्रथम शास्त्रज्ञांचा यावर विश्वास बसेना. आज जगभर तो थर रामदासांच्या नावाने ओळखला जातो. हरभऱ्याचे झाड साधारण तेवढ्याच उंचीचे असते, हे ऐकून तात्या म्हणाले, “म्हणजे माझा हरभरा माझ्यापेक्षा जास्त कुडकुडतो!” गोष्ट हसण्यावारी गेली, परंतु तात्यांनी ती मनात ठेवली.

दुसरे असे की, फोनवर दिसणारा आकडा हुमनाबादेत कोणी मोजलेला नसतो. तो गणिताने काढलेला असतो. सारी पृथ्वी चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीतली हवा पुढे कशी वागेल, याचे गणित प्रचंड संगणक करतात. आपल्या देशाची जागतिक अंदाजाची चौकट पूर्वी १२ किलोमीटरांची होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेली आणि २६ मे २०२५ रोजी राष्ट्रास अर्पण झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किलोमीटरांच्या चौकटीचे गणित करते. प्रगती मोठी आहे. तरीही ६ किलोमीटरांत माळ असतो, ओढा असतो, गावठाण असते, उसाचा मळा असतो. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगटात साचते. माळावर पंधरा अंश असताना ओढ्याकाठी बारा असणे मुळीच अशक्य नाही. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांचे फोन निरनिराळ्या गणितांचा आधार घेतात. मग दोन मुलांच्या हातात दोन आकडे दिसले, यात नवल ते काय?

तिसरी गोष्ट शब्दांची. आपण कुडकुडलो की ‘थंडीची लाट आली’ म्हणतो. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत त्या शब्दांना नेमका अर्थ आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याहून खाली उतरावे आणि ते त्या दिवसाच्या नेहमीच्या तापमानाहून निदान साडेचार अंशांनी कमी असावे, तेव्हा थंडीची लाट म्हणावयाची. पारा ४ अंशांवर वा खाली आला, तर नेहमीचे तापमान न पाहताही म्हणावयाची. मार्चमधली १२ अंशांची पहाट या व्याख्येत बसत नाही. वेधशाळेने लाटेचा इशारा दिला नाही म्हणून तिला थंडी कळली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वारा असला की तेच बारा अंश दहासारखे बोचतात, आणि वृद्धाच्या व तान्ह्याच्या अंगाला तर अधिकच. त्यासाठी वेधशाळा नव्हे, घरातले माणूस जागे असावे लागते.

असे असले तरी अंदाज मुळीच चुकत नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. ते चुकतात. का चुकतात, हे समजून घेणे मात्र उपयोगाचे आहे. १९६१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ हे संगणकावर हवेचे गणित करीत होते. एक गणित मध्यापासून पुन्हा चालविताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. फरक मोहरीएवढाही नव्हता. परंतु थोड्याच वेळात दोन्ही उत्तरे एकमेकांपासून इतकी दूर गेली की, त्यांत काही नाते उरले नाही. आजच्या हवेचे मोजमाप कितीही काळजीने केले तरी त्यात बारीकशी उणीव राहतेच आणि ती दिवसागणिक वाढत जाते. म्हणून उद्याचा अंदाज परवाच्यापेक्षा भरवशाचा आणि परवाचा दहाव्या दिवसाच्यापेक्षा भरवशाचा. फोन पंधरा दिवसांपुढचाही आकडा दाखवितो. तो पाहून लग्नाचा मांडव ठरविणे शहाणपणाचे नव्हे.

तापमानाचा अंदाज त्यातल्या त्यात सोपा. कारण तापमान सहसा विस्तृत प्रदेशावर सारखे चढते-उतरते. तरीही पहाटे ढगाचा एक पातळ पडदा आला वा नाही आला, एवढ्यावर पारा दोन-चार अंशांनी बदलतो. गारपिटीचा अंदाज याहून फार कठीण. जिल्ह्यात वादळी पावसाचा संभव आहे, हे दोन-तीन दिवस आधी सांगता येते. परंतु गारा कोणत्या शिवारात पडतील, हे ढग तयार झाल्यावरच रडारवर दिसते. म्हणून हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा निराळा देतो. पिवळा रंग म्हणजे सावध असा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे आता हालचाल करा. एवढे तीन रंग घरातल्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावेत.

या शास्त्राच्या इतिहासात आम्हां कॅथलिकांस आदराने स्मरावे असे एक पान आहे. आपल्या देशाचा हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. १८६४ सालचे कलकत्त्याचे भीषण चक्रीवादळ आणि त्यानंतरची अवर्षणे हे त्यामागचे कारण होते. परंतु त्याआधीच, १८६७ साली, कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू फादर लाफों यांनी हवेच्या दाबाच्या नोंदींवरून येऊ घातलेले चक्रीवादळ ओळखून इशारा दिला होता. १८७५ च्या सप्टेंबरात क्यूबातील हवाना येथे फादर बेनितो विन्येस यांनी वादळाचा इशारा प्रसिद्ध केला. १८७९ च्या जुलैमध्ये मनिला येथे फादर फेदेरिको फाउरा यांनी तेच केले. हे तिघेही येशूसंघीय. त्यांना कोणी दिव्य दृष्टान्त झाला नव्हता. ते रोज ठरल्या वेळी उठून पारा वाचीत आणि वहीत लिहीत. प्रार्थनेची शिस्त आणि नोंदवहीची शिस्त त्यांच्या आयुष्यात शेजारी शेजारी नांदत होत्या.

युरोपातल्या कॅथलिक शेतकऱ्यांतही आपल्या शिवरात्रीच्या म्हणीसारखी एक समजूत आहे. मे महिन्याच्या ११, १२, १३ या तारखांना संत मामर्तुस, संत पांक्रातियुस आणि संत सर्वातियुस यांचे स्मरण होते. काही ठिकाणी पुढचे दोन दिवसही त्यांत धरतात. त्यांना तिकडे ‘बर्फाचे संत’ म्हणतात. या दिवसांपर्यंत वसंतातही दहिवर पडून कोवळी रोपे जळण्याचे भय असते. म्हणून ते उलटल्याशिवाय नाजूक रोपे बाहेर लावावयाची नाहीत, असा प्रघात. परंतु १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले तेव्हा दहा दिवस गाळले गेले. तारखा सरकल्या, थंडी मात्र आपल्या जागी राहिली. म्हणीतही अशी चूक शिरू शकते. म्हणून म्हण टाकून द्यावी असे नव्हे. ती तपासून घ्यावी एवढेच. आणि भय तर खरेच आहे. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर कडाक्याची थंडी उतरली, तेव्हा शेतकऱ्यांनी वेलींच्या रांगांतून रात्रभर मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून कोंब वाचविण्याची शर्थ केली.

प्रभू येशूच्या काळीही लोक आभाळ वाचीत. सायंकाळचे तांबडे आभाळ, पश्चिमेचा ढग, दक्षिणेचा वारा यांवरून ते उद्याची हवा ताडीत, याचा उल्लेख मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत येतो. प्रभूने त्या विद्येची टर उडविली नाही. आभाळाचे रूप ओळखणाऱ्यांनी आपल्या काळाची खूण ओळखू नये, याचा त्याला खेद झाला. आम्हांस वाटते, हवामानाचा अंदाज ऐकूनही शेजाऱ्याला न सांगणारा माणूस त्याच दोषाचा धनी होतो.

त्या फाल्गुनातल्या गोष्टीचा शेवट सांगावयाचा राहिला. त्याच दिवशी दुपारी जिल्ह्यासाठी वादळी पावसाचा पिवळा इशारा आला. तात्यांनी नाक मुरडले. सकाळचा अनुभव ताजा होता. परंतु मुलाने आग्रह धरला. बापलेकांनी हरभऱ्याचा ढीग आवरला, कणसांवर ताडपत्री ओढली, कडांवर दगड ठेवले. सायंकाळी आभाळ भरून आले, विजा चमकल्या, वारा सुटला आणि तात्यांच्या रानात चार थेंब पडून सारे शांत झाले. तात्या विजयाने आमच्याकडे पाहू लागले. “बघितलेत? पुन्हा खोटे!”

रात्री बातमी आली. चार मैलांवरच्या एका वाडीत गारा पडल्या होत्या. आदल्या दिवशी फोनवर कुठला तरी निनावी निरोप फिरला होता की, महिनाभर पावसाचे नाव नाही. त्यावर विसंबून तिथल्या एका घराने ज्वारी उघड्यावर टाकली होती. ती भिजून काळी पडू लागली होती. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “इशारा खोटा नव्हता. तो माझ्या एकट्यासाठी नव्हता, एवढेच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली ताडपत्री घडी करून बैलगाडीत टाकली आणि मुलाला त्या वाडीवर धाडले. त्या घरची बाकीची कणसे अजून उभ्या ताटांवर होती. आभाळ अद्याप स्वच्छ झाले नव्हते. तात्यांचे खळे दोन दिवस उघडेच राहिले.

वाचकहो, आम्ही यातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. फोनवरचा एकच आकडा वेदवाक्य मानू नये. दोन अंशांचा फरक गृहीत धरावा. आठवड्यापलीकडच्या अंदाजाकडे कल म्हणून पाहावे, तारीख म्हणून नव्हे. हवामान विभागाचा इशारा आणि निनावी निरोप यांत भेद करावा. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा फोनवर पुढे धाडलेल्या निरोपालाही लागू आहे. इशारा आला आणि पाऊस शेजारच्या शिवारात पडला, तर इशारा चुकला असे न म्हणता देवाचे आभार मानावे आणि शेजाऱ्याची विचारपूस करावी. आणि घरात आजी-आजोबा वा तान्हे मूल असेल, तर होळी झाली म्हणून गोधड्या इतक्यात माळ्यावर टाकू नयेत.

अंदाज सांगणारा शास्त्रज्ञ भविष्यवादी नसतो. तो ‘अमुक घडेल’ असे छातीठोक सांगत नाही. ‘अमुक घडण्याचा संभव आहे’ असे म्हणतो. आपल्या ज्ञानाची सीमा मान्य करून बोलणे यात कमीपणा नाही; तो प्रामाणिकपणा आहे. उद्याचा दिवस देवाच्या हाती आहे, हे आम्ही श्रद्धेने मानतो. परंतु आजच्या संध्याकाळी ताडपत्री ओढण्याचे काम त्याने आपल्याच हाती दिले आहे, आणि आपले खळे झाकून झाले की शेजाऱ्याच्या खळ्याकडे पाहण्याचेही.